घराण्याचा माग : प्रस्तावना

हौस म्हणून कुणी आपली वंशावळ लिहून ठेवली, असे फार क्वचित घडले आहे. वतनावरून भाऊबंद भांडले, जमिनीला वारस लावायचे आले, कर्जाच्या खतावर अंगठा द्यायचा झाला, पलटणीत नाव घातले, दुष्काळात पोर परक्याच्या दारात सोडावे लागले, तेव्हा कुणीतरी नावे विचारली आणि कुणीतरी ती कागदावर घेतली. आज त्या नावांच्या आधाराने आपण पणजोबा-खापरपणजोबापर्यंत पोचतो. पण विचारणाऱ्याला घराण्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याला सारा हवा होता, शिपाई हवा होता, अंगठा हवा होता. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मोबदला घेऊन लोकांच्या घराण्यांचा शोध घेण्याचे काम मी करते. हा कागद कुणी लिहिला आणि कशासाठी, हे आधी विचारल्याशिवाय या कामात एक पाऊल पुढे टाकता येत नाही. पुढची सगळी प्रकरणे याच प्रश्नाला धरून लिहिली आहेत.

धंदा म्हणून हे काम नवे नाही. देशावरच्या गावांत भाट येत, वही उघडून कुळी वाचून दाखवत, मागच्या खेपेनंतर जन्मलेल्या मुलांची नावे लिहून घेत आणि धान्य, कापड, दक्षिणा घेऊन पुढच्या गावाची वाट धरत. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम कर्नाटकातून येणारे हेळवी करत आले. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथल्या तीर्थोपाध्यायांकडे जात, आडनाव आणि गाव यांप्रमाणे लावलेल्या नामावळ्या आहेत. यात्रेला आलेल्याने बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव सांगायचे आणि लिहिता येत असेल तर स्वतःच्या हाताने लिहायचे, असा शिरस्ता. हरिद्वारच्या अशा वह्यांचे मोल अमेरिकेतल्या यूटा येथील वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने ओळखले आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या मायक्रोफिल्म काढून घेतल्या. आपल्याकडे मात्र कित्येक घरांना आपले तीर्थोपाध्ये कोण हेही आता माहीत नाही.

भाटांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांची वही यजमानाच्या दक्षिणेवर चालते हे विसरून भागत नाही. कुळी सूर्यवंशाला किंवा यदुवंशाला नेऊन भिडवली की यजमान खूश होतो. अलीकडच्या चार-पाच पिढ्या बहुधा चोख असतात, कारण त्या भाटाने किंवा त्याच्या वडिलांनी समोर बसून लिहून घेतलेल्या असतात. त्याच्या वर गेले की हात सैल होत जातो. म्हणून भाटाची वही खालून वर वाचावी आणि दुसऱ्या कागदाचा आधार संपला की तिथेच थांबावे.

इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम १५३८ मध्ये निघाला. त्यामुळे तिथल्या संशोधकाला एकाच गावात, एकाच प्रकारच्या वहीत शतकानुशतके मागे जाता येते. मॉरिशसला मजुरीच्या करारावर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांनाही एक सोय आहे : मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात त्या मजुरांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत आणि नाव, बाप, गाव, जिल्हा असे धागे त्यांत सापडतात. ही माणसे बहुतेक कोकणातली. घोडनदीच्या काठच्या कुणब्याला किंवा भीमेकाठच्या धनगराला असे एकसलग दप्तर नाही. त्याचा बाप एका कचेरीत सापडतो, आजा दुसरीत आणि पणजा पुण्याच्या तिसऱ्याच कचेरीत.

सर्वात जुने आणि सर्वात बोलके कागद वतनाच्या भांडणांचे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे गोतसभेपुढे येत. वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत आणि निवाड्याचा महजर होई. करीन्यात मूळपुरुषापासून सगळी मांडणी येते : कुणाला किती मुलगे, कोण लढाईत पडला, कोण परागंदा झाला, कुणाची तक्षीम कुणी दाबली. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद जमवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून छापले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही मोठा साठा आहे. पेशवे दप्तर म्हणून ओळखले जाणारे कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची कसून चौकशी आरंभली, तेव्हाही इनामदारांना आपला वंश कागदावर मांडून दाखवावा लागला. यातले जवळपास सगळे मोडीत.

या करीन्यांत खोटे पुष्कळ असते, आणि ते एकाच जागी असते : वडीलकीच्या प्रश्नावर. थोरली पाती आमची की तुमची, यावर पाटीलकीचे मान ठरत. पोळ्याला कुणाचा बैल आधी वेशीतून जाणार, होळीत पहिली पोळी कुणाची पडणार, तोरण कुणी बांधायचे, पान-विडा आधी कुणाला. या मानांवरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्या झिजवत आणि अजूनही काही गावांत झिजवतात. त्यामुळे एकच करीना हाती लागला तर मी तो बाजूला ठेवते. विरुद्ध पक्षाचाही मिळाला तर कामाला लागते. भांडणाऱ्या दोघांनीही जे मान्य केले आहे, म्हणजे मूळपुरुषाचे नाव, भावांची संख्या, दत्तक कुठून आला, ते बहुधा खरे असते. जिथे दोघांचे जमत नाही तिथे दोन्ही म्हणणी नोंदवायची आणि तसेच सांगायचे. ‘आम्हीच थोरले असे लिहून द्या,’ असा आग्रह धरणारे लोक येतात. त्यांना नाही म्हणावे लागते.

पुढचा मोठा टप्पा जमिनीच्या मोजणीचा. मुंबई इलाख्यातली नवी मोजणी आणि साराबंदी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात सुरू केली, म्हणजे दौंडच्या शेजारीच. जुन्या दप्तरात दौंड शोधणाऱ्याने आधी भीमथडी तालुका पाहावा, कारण तो भाग तेव्हा त्या नावाखाली होता. शिरूर पाहणाऱ्याने घोडनदी हे छावणीचे नाव ध्यानात ठेवावे. मोजणीच्या कागदांत एका नंबराला एक खातेदार असतो आणि त्याच्यामागचे सगळे कुटुंब त्या एका नावात बुडालेले असते. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी आली, फेरफार आले, आणि माणसे मेल्यावर का होईना, त्यांची मुले कागदावर दिसू लागली.

असा एक फेरफार जवळून पाहू. मयत खातेदाराचे नाव, मरणाची तिथी किंवा तारीख, आणि खाली तलाठ्याच्या घाईच्या अक्षरात : वारस मुलगे तीन, पैकी थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केले, धाकटे दोघे अज्ञान, अ.पा.क. आई. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि अज्ञानाचे पालन करणारी, असे हे दोन शिक्के. हा फेरफार सापडला तर तीन भाऊ आणि त्यांची आई, चारही माणसे हाती येतात. तो सापडला नाही आणि नुसता नंतरचा सातबारा पाहिला, तर थोरला तेवढा दिसतो आणि पुढे-पुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरेही नव्या उताऱ्यात उतरवायची राहून जातात. मग धाकट्यांचे नातू कचेरीत येऊन सांगतात की आमचा आजा इथलाच होता, आणि कागद म्हणतो, असा कुणी नव्हता. त्यात एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे जुळवल्याशिवाय आजोबाची जमीन आणि नातवाची जमीन एकच आहे हे सिद्ध होत नाही. वारसांचे कित्येक खटले याच सांध्यावर अडतात, म्हणून या सांध्याला पुस्तकात एक अख्खे प्रकरण दिले आहे.

मधला एक कप्पा सावकारी खतांचा. १२ मे १८७५ रोजी सुप्यात दंगा झाला आणि लोण पसरले. शिरूर तालुक्यातल्या करड्यात तर त्याआधीच सावकारावर बहिष्कार पडला होता. लोकांनी वह्या आणि खते ओढून काढून जाळली. त्या आगीत कर्जे गेली तशी कर्जदारांची आणि त्यांच्या बापांची नावेही गेली. पण त्यातूनच आलेल्या १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत गावपातळीवर नोंदणी करणारे अधिकारी नेमले, आणि कुळाने करून दिलेले खत त्यांच्यासमोर व्हावे असे ठरले. नाव, बापाचे नाव, जात, गाव, शेजारचे साक्षीदार. साक्षीदारांकडे लक्ष द्यावे. बहुतेक वेळा भावकीतलाच एखादा तिथे उभा असतो.

बायकांविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण आपल्या वंशावळींत त्यांना जागाच नाही. मूळपुरुषाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. जिला मुले झाली ती बाई कुठेच नाही, आणि ज्याला नुसत्या मुली झाल्या त्याच्या चौकटीत ‘लावलद’ असे लिहून रेघ बंद केलेली. जुन्या कागदांत अमकी कोम तमका अशी विधवा भेटते ती बहुधा वाद असेल तरच. १९३७ च्या कायद्याने विधवेला हक्क दिला, १९५६ मध्ये वारसा कायदा आला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायाद मानले. फेरफारांचे रजिस्टर चाळताना या सालांचा परिणाम पानावर दिसतो : आधी नुसते मुलगे, मग आईचे नाव, मग ‘इतर हक्कां’त बहिणी.

आणि मग येते हक्कसोडपत्र. बहिणी भावांच्या नावे आपला हिस्सा सोडून देतात, चोळी-बांगडीची आशा ठेवून माहेर तुटू नये म्हणून. त्या दस्तात प्रत्येक बहिणीचे पूर्ण नाव असते, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव, गाव, वय, बहुधा फोटो आणि अंगठाही. म्हणजे घराण्याच्या कागदांत ती पहिल्यांदा पूर्णपणे उमटते ती घराण्यातून हात काढून घेताना. मला हे दस्त वाचताना दरवेळी राग येतो आणि तरी त्यांच्याशिवाय माझे चालत नाही. एखाद्या घरातल्या लेकी कुठे दिल्या, त्यांची मुले कोण, हे सांगणारा दुसरा कागदच नसतो. माझ्याकडून वंशावळ करून घेणाऱ्याला मी मुली आणि सुना वगळून ती देत नाही. ही अट आधीच सांगते. पाटाच्या बायकोची मुले, जुन्या वंशावळींनी लेकावळे म्हणून दूर ठेवलेली शाखा, यांनाही तीच अट लागू.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचे काय, असे कुणी विचारले तर मी आधी सांगते की कागद नाहीत असे गृहीत धरू नका. महार वतनाच्या जमिनी साऱ्या महारवाड्याच्या मिळून असत. कुठे नोंदीत नुसते ‘समस्त महार’ एवढेच आहे, आणि तिथे शोध खुंटतो. पण जिथे हिस्से लावले तिथे एकेका फेरफारात सबंध वाड्याची नावे ओळीने येतात, पाटलांच्या घराण्यालाही हेवा वाटावा इतकी. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्यानंतर जमिनी परत मिळवताना पुन्हा वारसांच्या याद्या झाल्या.

कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यातच. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती शिरूरच्या छावणीतून, आणि दुसऱ्या दिवशीच्या लढाईत पडलेल्यांची नावे जवळच्याच स्तंभावर कोरली आहेत. ‘नाक’ शेवटी असलेली नावे वाचून अनेकजण मला विचारतात की यातला आमचा कोण. हा प्रश्न मी फार गांभीर्याने घेते. त्या दगडाशी माणसांचे जे नाते आहे ते मोठे आहे. पण दगडावर बापाचे नाव नाही, गाव नाही, आणि मुंबईच्या पलटणींत कोकणातली माणसे पुष्कळ होती. नुसत्या नावसाधर्म्यावर मी कुणाचा वंश त्या स्तंभाला जोडत नाही. पलटणीचे हजेरीपट, पेन्शनचे कागद यांतून गावाचे नाव निघाले तरच पुढचे बोलता येते.

दौंड तालुक्यातले केडगाव मात्र सगळ्या रीती उलट्या करते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून उपाशी मुली-बायका आणून मुक्ती मिशनमध्ये ठेवल्या. त्यांतल्या कित्येकींचे आईबाप वाटेतच गेलेले, काहींना आपले गावही सांगता येत नव्हते. त्यांच्या लेकरा-नातवंडांपैकी कुणी आज मूळ विचारत आले, तर वंशावळीच्या माथ्यावरच्या चौकटीत एक मुलगी येते, आणि तिच्या वर काही नाही. एरवी पुरुषापासून सुरू होणारा नकाशा इथे बाईपासून सुरू करावा लागतो. तो तसाच करावा. वरची जागा भरण्यासाठी एखादा काल्पनिक बाप आणून बसवू नये.

दौंडचे रेल्वेचे लोक हे आणखी निराळे प्रकरण. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झाले. फायरमन, खलाशी, गँगमन चहूकडून आले, अँग्लो-इंडियन कुटुंबेही आली. गावकीत या घरांना जागा नव्हती. पण पाससाठी कर्मचाऱ्याला कुटुंबाची यादी द्यावी लागते आणि तीत बायको, मुली, अवलंबून असलेली आई, सगळी येतात. जमिनीच्या कागदाने जे कधी केले नाही ते रेल्वेच्या पासाने केले.

कोतवाल बुकाविषयी लोकांना अलीकडे कळू लागले आहे. गावात झालेले जन्म-मृत्यू कोतवालाने सांगायचे आणि ते गाव नमुना १४ मध्ये मांडायचे. जुनी पाने मोडीत, शाई पिंगट झालेली, कडा हात लावताच सुटणाऱ्या. जन्माच्या नोंदीत पोराचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते : अमक्या बिन तमक्यास मुलगा झाला, एवढेच. त्यामुळे हा मुलगा म्हणजे थोरला की मधला, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ताडून पाहावे लागते, आणि शाळेतली तारीख मास्तरांनी पुष्कळदा अंदाजे घातलेली असते. १९१८ च्या आश्विनातली पाने उघडली की मात्र बोट थांबते. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत ऑक्टोबर महिन्यात मुंबई इलाख्यात मृत्यूंचा कळस झाला. एका घरातली बाई, तिचे तान्हे, तिचा दीर, लागोपाठच्या ओळींत, कारणाच्या रकान्यात ताप. ज्यांच्या घरात ‘आमचे पणजोबा पोरके वाढले’ एवढेच सांगत आलेले असतात, त्यांना मी आधी हे वर्ष पाहायला सांगते.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या सगळ्या रजिस्टरांवरची धूळ एकदम झटकली गेली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, दुय्यम निबंधक, जिथे तिथे मोडी वाचणारा हवा झाला. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, या तारखा आता शेतातल्या माणसालाही पाठ आहेत. पण नोंद सापडणे हे अर्धे काम. ती नोंद ज्याची, त्याच्यापासून अर्जदारापर्यंत वंशावळ जुळली पाहिजे, आणि पडताळणी समितीचे दक्षता पथक ती तपासते.

इथे पैशाचा प्रश्न येतो आणि तो मी उघड मांडते. मोबदला शोधाचा असतो, निकालाचा नाही. ‘नोंद काढून द्या, मग पैसे,’ असा सौदा ज्याने केला त्याच्यावर नोंद ‘सापडण्या’चे दडपण येते, आणि मग एका गावातला गणू दुसऱ्या गावातल्या गणूचा भाऊ होऊन बसतो. जातीच्या रकान्यात नुसते ‘कु.’ असेल तर ते ‘कु.’ असेच उतरवून द्यावे. त्याचा अर्थ ठरवणे समितीचे काम. खोटी वंशावळ जोडून एका पोराचा प्रवेश होईलही, पण पडताळणीत ती कोसळली की त्याच्याबरोबर त्याच्या चुलत भावांची खरी कागदपत्रेही संशयात येतात. जे घर पिढ्यान्‌पिढ्या कर्ज आणि दुष्काळात पिचले, त्याला आपला हक्क मिळावा असे मलाही मनापासून वाटते, म्हणूनच त्याच्या हाती भक्कम कागद जावा याची काळजी वाटते.

हक्काचे काम संपल्यावर बहुतेक लोक हळूच विचारतात, आम्ही मूळचे कुठले? शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे सापडली. इथली वस्ती तितकी जुनी आहे. त्यांचा आपला संबंध कोणताही कागद सांगणार नाही. पण दोन-तीनशे वर्षांतले स्थलांतर पुष्कळदा उमगते. दौंडकडच्या घराचा खंडोबा जेजुरीचा नसून साताऱ्याकडच्या पालीचा असेल, तर घराणे त्या दिशेने आले असावे. कुरकुंभच्या फिरंगाईला किंवा कवठ्याच्या येमाईला दूर गावाहून नवस फेडायला येणारी घरे इथून बाहेर गेलेली असू शकतात. देवक, कुलदैवत आणि शेताचे जुने नाव या तीन गोष्टी सातबारा कधी सांगत नाही.

म्हणून पहिले प्रकरण कचेरीत सुरू होत नाही. ते घरातल्या सर्वात वयस्कर बाईपाशी सुरू होते, आणि तिला काय विचारावे याची यादी त्यात आहे : तुमचे माहेर कुठले, सासूचे माहेर कुठले, लग्नात देवक कोणते बसवले, पितरांच्या जेवणाला कुणाकुणाच्या नावाने पान वाढता, थोरल्या दिराचे खरे नाव काय, लहानपणी गेलेल्या मुलांची नावे काय होती. शेवटचा प्रश्न हलक्या हाताने विचारावा, आणि तिची इच्छा नसेल तर सोडून द्यावा. उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत, खाली तारीख घालावी, आणि मगच तहसीलदार कचेरीत नकलेचा अर्ज टाकावा.